रस्त्यावर न बोलणारे सर

आमच्या घरमालकांना रस्त्यात काही विचारलं, तर उत्तर संध्याकाळी मिळायचं. सकाळी दुधाच्या दुकानापाशी तुम्ही "सर, तब्येत बरी ना?" असं विचारलंत, तर ते हात वर करणार, डोळ्यांनी ओळख देणार आणि ओठ घट्ट मिटून पुढे निघून जाणार. मग दिवेलागणीला तुमच्या दाराशी चपला वाजणार. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून ते म्हणणार, "हो, बरी हाय तब्येत. तुमी सकाळी पुसलं होतं ना." एवढं सांगून आले तसे परत.

गल्लीला याची सवय झाली होती. नवीन माणसाची मात्र पंचाईत व्हायची. एका भाजीवाल्यानं त्यांना मुकं समजून कितीतरी दिवस खुणांनी वांगी विकली. एकदा तो टोपली घेऊन अंगणात आला आणि सर एकदम म्हणाले, "सांभार ताजा दिसून राह्यला रे आज." तो बिचारा इतका दचकला, की सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी तिथंच टाकून दोन पावलं मागं सरकला.

कारण विचारलं की सर एकच वाक्य म्हणायचे. "नाकाले गाळनी हाय, तोंडाले नाई." आमच्या रस्त्यावर राहून पाहिल्याशिवाय या वाक्यातला शहाणपणा कळायचा नाही. चंद्रपूरच्या बाहेरची आमची वस्ती. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला रेल्वेचं सायडिंग आणि मधल्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे टिप्पर. मान वर केली तर लांबवर धूर ओकणाऱ्या उंच चिमण्या. वाळत घातलेलं धुणं आम्ही झटकून घडी घालतो आणि हाताला लागलेलं काळं पदराला पुसतो, इतकं ते अंगवळणी पडलेलं. मी ब्रह्मपुरीकडची, धानाच्या बांध्यांमधली, भातशेतीच्या मुलखातली. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, की हे लोक आंघोळ नीट करत नाहीत. पुढे माझ्याच कानामागं बोट फिरवलं आणि गप्प बसले.

माझा नवरा टिप्पर चालवायचा. मी वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका. सासूबाई आणि आमची मिनू धरून आम्ही चौघं. सरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं बघायला गेलो तेव्हा मिनू नुकती चालायला लागली होती. सरांनी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, गावही विचारलं नाही. खुर्चीत ताठ बसून त्यांनी सासूबाईंना प्रश्न केला, "घरात उदबत्त्या किती लावता?"

सासूबाईंना वाटलं, मालक देवभक्त दिसतो. त्या मोठ्या उत्साहानं म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ लावतो जी. गुरुवारी धूप बी असते."

"इथी नाई चालनार. उदबत्ती नाई, मच्छरची कॉइल नाई, कोळशाची शेगडी पेटवाची नाई. झाडू ओला केल्याशिवाय माराचा नाई. कबूल असन तं राहा."

"मंग देवाले काय दाखवाचं?"

"फूल दाखवा. देवाले बी नाक असते."

बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "याचं डोस्कं ठिकानावर नाई." पण खोल्या स्वच्छ होत्या, अंगणात विहीर होती, आणि अंगणवाडी हाकेच्या अंतरावर. आम्ही राहायला गेलो. सासूबाईंनी उदबत्तीचा पुडा ट्रंकेत तळाशी ठेवला, आज ना उद्या म्हातारा नरमेल या आशेवर.

म्हातारा नरमणाऱ्यातला नव्हता. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात त्यांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं होतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर गावी जाऊन सुखानं राहायचं सोडून ते या काळ्या रस्त्यावर घर बांधून बसले. का, तर जमीन घेतली तेव्हा इथं मोहाची झाडं होती आणि आता झाडं नाहीत म्हणून आपण पळून जायचं, हे त्यांना पटत नव्हतं. "झाडं गेली, मी कायले जाऊ?" असं ते म्हणायचे. बोलायचे आमच्यासारखंच, अगदी झाडीपट्टीतलं. फक्त राग आला की कॉलेजातल्या पुस्तकी मराठीत शिरायचे. त्यामुळं सर शुद्ध बोलू लागले की समोरच्यानं समजायचं, आता काही खरं नाही.

लोकांच्या पोरांची शेंबडी नाकं ते ज्या आपुलकीनं न्याहाळायचे, तशी मी आजवर कुठल्या डॉक्टरनं न्याहाळलेली पाहिली नाहीत. आयांनी पोराच्या नाकाला पदर लावून "छी" म्हटलं की त्यांना ते सहन व्हायचं नाही. "छी काऊन म्हन्ता? लढून राह्यलं ना ते लेकरू. शेंबूड म्हनजे त्याचं हत्यार होय." आणि मग अंगणवाडीच्या दारात उभ्या उभ्या ते सगळा कारखाना समजावून सांगायचे. नाकात केस, ते मोठी धूळ अडवतात. त्याच्या आत चिकट थर, त्यात बारीक धूळ आणि जंतू रुतून बसतात. त्या थराखाली डोळ्यांना न दिसणारी लव. ती लव रात्रंदिवस हलते आणि अडकलेला कचरा घशाकडं ढकलत राहते. आपण तो थुंकतो नाहीतर गिळतो. आणि यातूनही जे खाली फुफ्फुसात पोचतं, ते खायला तिथं पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात.

"पन त्या पेशीईनं काजळी खाल्ली, कोळसा खाल्ला, तं त्याईचं पोट भरते," ते म्हणायचे. "मंग खरा जंतू आला तं त्याले कोन खाईन? आन् लहान लेकराचं तं अजून बांधकाम चालू हाय. फुफ्फुस वाढून राह्यलं, फौज तयार होऊन राह्यली. आपल्यापेक्षा भरभर श्वास घेते ते, आन् जमिनीच्या जवळ घेते. जिथी धूळ असते तिथीच त्याचं नाक असते."

बाया ऐकायच्या आणि घरी जाऊन विसरायच्या. दिसत नाही त्या गोष्टीवर विश्वास तरी किती ठेवणार? मग एका महिन्यात आयांच्या बैठकीला सर ॲल्युमिनियमची परात घेऊन आले. इरई नदीतून मासे धरणाऱ्या ढिवराकडून जिवंत शिंपले आणवले होते. त्यांनी एक शिंपला उघडला, आतला पातळ कल्ला नदीच्या पाण्यात पसरला आणि त्यावर चिमटीभर खसखस टाकली. आम्ही सगळ्या डोकं लावून बघत बसलो. खसखशीचे दाणे आपोआप चालायला लागले. कोणी ढकलत नव्हतं, पाणी हलत नव्हतं, आणि दाणे एकामागून एक कल्ल्याच्या काठाकडं निघालेले. एक बाई तर "मा माय!" म्हणून पाठीमागं सरकली.

"हे लव करून राह्यली. तुमच्या पोराच्या छातीत अशीच असते," सर म्हणाले. मग त्यांनी रस्त्यावरची काळी पूड पाण्यात कालवून त्याच कल्ल्यावर ओतली. थोडा वेळ लवेनं ती पूडही ढकलली. मग कल्ल्याला बुळबुळीत चिकटा सुटला, पुडीचे गोळे झाले, दाणे मंदावले आणि जागच्या जागी थांबले.

माझ्या सासूबाईंनी तोंड उघडलं. "शिंपल्याची गोष्ट पोराले कायले लावता जी? तुमाले लेकरंबाळं नाईत. तुमाले काय मालूम लेकराचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र शांतपणे परात पुसत होते. "शिंपला वेगळा, पोर वेगळं, हे बराबर हाय बाई," ते म्हणाले. "पन लव दोघाईले हाय. आन् लेकराचं म्हनाल, तं बेडकं बी मले झाली नव्हती. जन्मभर शिकवलीच ना?"

त्या दिवसापासून दोघांचं जमलं नाही ते नाहीच.

मिनूची छाती तोवर वाजायला लागली होती. पहिल्या थंडीत खोकला, दुसऱ्या थंडीत रात्रीची घरघर आणि तिसऱ्या थंडीत दवाखाना. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या फुलायच्या. नळी लावून तिला झोपवलं, की मी नुसती तिच्या पोटाकडं बघत बसायचे, वर होतंय का, खाली जातंय का. न्युमोनिया, म्हणाले. बरी करून घरी आणली, आणि त्याच थंडीत परत तेच. तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "जंतू सगळ्याच मुलांना भेटतात. हिची छाती आधीच सुजलेली आहे, म्हणून ती हरते. असंच चालू राहिलं तर मला भीती वाटते." मला वाटणारी भीती कशी सांगू? खाटेवरच्या त्या एवढ्याशा पोटाखेरीज जगात दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

दुसऱ्यांदा घरी आलो त्या संध्याकाळी सर उंबऱ्यात आले. मला नाही, मिनूला विचारलं, "बाई, तू सकाळी कुठी बसतेस गं?"

"आजीपाशी," मिनू म्हणाली. "अंगनवाडीत, शेगडीपाशी. तिथी मस्त गरम असते."

आमच्याकडं घरोघर गॅसची टाकी असते, पण रोजचं पाणी आणि डाळ दगडी कोळशाच्या शेगडीवर. कच्चा कोळसा पेटताना पिवळा-काळा धूर सोडतो, म्हणून शेगडी बाहेर पेटवायची, धूर निघून निखारा लाल झाला की कडी धरून घरात आणायची. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सरांच्या अंगणात शेगडी पेटवायला बंदी. तेव्हा सासूबाईंनी जागा शोधली ती अंगणवाडीच्या आवाराची. तिन्ही बाजूंनी भिंत, वारा लागत नाही, कोळसा पटकन धरतो. त्यांचं बघून शेजारणी आल्या. हिवाळ्यात पहाटे तिथं शेगड्यांची रांग लागायची, धूर तीन भिंतींत कोंडायचा, आणि निखारे लाल होऊन बाया घरी जायच्या तेव्हा माझी पोरं यायला लागायची. मी किती वेळा भांडले. "मले शिकवू नोको," हेच उत्तर. आणि थंडीत नातीला ऊब मिळावी म्हणून सासूबाई मिनूला गोधडीत गुंडाळून सोबत न्यायच्या, शेगडीच्या सगळ्यात जवळ बसवायच्या. जीव होता त्यांचा तिच्यावर. सगळं त्या जिवापायीच चाललेलं.

सर तसेच माघारी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बादली घेऊन अंगणवाडीच्या आवारात आले आणि एका टोकापासून शेगड्यांवर पाणी ओतत निघाले. फुस्स, फुस्स, फुस्स. वाफेत नुसते त्यांचे पाय दिसत होते. बाया किंचाळत होत्या. पेटल्या विस्तवावर पाणी घालणं म्हणजे घरावर नांगर फिरवल्यासारखं. सासूबाईंची शेगडी शेवटची होती. त्या आडव्या उभ्या राहिल्या. सरांनी त्यांना वळसा घालून पाणी ओतलं, बादली उपडी करून झटकली आणि निघाले.

दुपारपर्यंत सगळी वस्ती पेटली. दूधवाल्यानं सरांच्या घरी दूध घालणं बंद केलं. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं. सर म्हणाले, "रस्त्यावर मी तसाबी बोलत नाई."

पण संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यात आले. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या. सर त्यांच्या पाठीशी बोलले, "विस्तवावर पानी टाकलं ते चुकलं माझं. मापी मागतो. आन् त्याच्याहून मोठं चुकलं ते सांगतो. नियम मीच बनवला. धूर माया अंगनातून हाकलला आन् पोराईच्या अंगनात नेऊन कोंडला. तो कुठी जाईन याचा इचार मी केला नाई. एवढी वर्सं शिकवलं, आन् एवढं समजलं नाई मले." मग उंबऱ्यातून वळता वळता म्हणाले, "पन उद्या तिथी शेगडी दिसली, तं परत पानी टाकीन."

मला हसावं की रडावं ते कळेना. माफी मागायला आलेला माणूस धमकी देऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र बादलीऐवजी हातगाडी होती. घर बांधताना विटा वाहिलेली लोखंडी गाडी. ती घेऊन सर दारोदार उभे राहिले, तोंड मिटून, बोटानं शेगडी दाखवत. नाल्याच्या पलीकडं उघडं पडीत मैदान आहे, वस्तीचा वारा तिकडं वाहतो. तिथं शेगड्या नेऊन पेटवायच्या, लाल झाल्या की परत आणायच्या, असा त्यांचा बेत. पहिल्या दिवशी गाडीत एकच शेगडी होती, माझी. सासूबाई झोपेत असताना मीच उचलून दिली. दुसऱ्या दिवशी चार. पुढं म्हाताऱ्या माणसानं आपली शेगडी ओढावी याची बायांना लाज वाटायला लागली आणि त्या स्वतःच गाडीला हात लावू लागल्या. सगळ्यात शेवटी सासूबाई गेल्या, आणि एकदा जायला लागल्यावर गाडीचा दांडा त्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. रोज पहाटे सर आणि सासूबाई शेजारी शेजारी गाडी ढकलत जायचे, एक शब्द न बोलता. हे रस्ता म्हणून गप्प, त्या अबोला म्हणून गप्प. परत येतानाही तसंच.

अबोला सुटला तो फेब्रुवारीत. अंगणवाडीच्या समोर कोळशाचा वजनकाटा आहे. ताडपत्री न घातलेले टिप्पर रांगेनं उभे राहायचे आणि तासन्‌तास इंजिन चालूच. माझ्या खिडकीतून हात बाहेर काढला तर टिप्परला लागेल, एवढी रांग जवळ. ठेकेदाराकडं चार वेळा गेलो. तो म्हणाला, काटा आधीचा आहे, अंगणवाडी हलवा. घरी नवऱ्याला म्हटलं, निदान इंजिन तरी बंद करत जा. तो म्हणाला, "बॅटऱ्या मेलेल्या हायेत सगळ्याईच्या. बंद केली तं धक्का मारून चालू कराले लागते. रांग तुटली तं सुपरवायझर शिव्या देते." खोटं नव्हतं ते. खोकणाऱ्या पोरीचा बापच होता तो, आणि धूर सोडणाऱ्या गाडीत बसून तिच्या औषधाची सोय करत होता.

मिनूची पुन्हा घरघर सुरू झाली त्या दिवशी सासूबाईंनी शेगड्यांची गाडी भर रस्त्यात थांबवली आणि सरांना सुनावलं, "गरिबाईच्या शेगड्या दिसल्या तुमाले. एवढे मोठे टिप्पर नाई दिसत काय? त्याईच्यावर टाका ना पानी!"

सरांनी हात वर केला आणि गाडी ढकलत पुढं गेले. संध्याकाळी उंबऱ्यात पाय टाकून म्हणाले, "दिसते." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना प्रार्थनेला बसवत होते. सर आत आले, पोरांची एक लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. काट्याच्या तोंडाशी, पहिल्या टिप्परच्या बरोबर पुढं, त्यांनी ती एवढीशी खुर्ची ठेवली आणि गुडघे छातीला लागतील असे तिच्यावर बसले. हॉर्न सुरू झाले. क्लीनर खाली उतरून ओरडले. सर समोर बघत बसून राहिले. सुपरवायझर आला. "ओ काका, उठा. काम खोळंबलं. ऐकू येत नाही का? मुके आहात का?"

आणि सर रस्त्यावर बोलले.

मी पोरांना तशीच सोडून दारात आले. वस्तीतली माणसं घरातून बाहेर आली. या माणसाचा आवाज रस्त्यावर कोणी कधी ऐकला नव्हता.

"मी बसलो आहे, त्या उंचीवर इथल्या मुलांचं नाक असतं," सर म्हणाले. अगदी शुद्ध, एकेक शब्द सुटा. "तुमचं नाक उंच आहे, म्हणून तुम्हाला कळत नाही. आणखी एक खुर्ची आणवतो. माझ्या शेजारी बसा. अंगणवाडी सुटेपर्यंत बसा. त्यानंतरही तुम्हाला वाटलं की गाड्या इथंच उभ्या राहाव्यात, तर मी उठेन आणि पुन्हा बसणार नाही."

"नाटकं नका करू."

"बसा ना. भीती कसली? ज्या हवेत तीन वर्षांचं मूल रोज बसतं, तिथं तुम्ही एक सकाळ बसू शकत नाही?"

धूर सरळ त्यांच्या तोंडात जात होता. ते खोकले, वाकले, परत सरळ झाले आणि परत बोलले. तेच सगळं, लव, पांढऱ्या पेशी, बांधकाम चालू असलेलं फुफ्फुस. सुपरवायझरला त्यातलं ओ की ठो कळलं नसणार. मला वाटलं, ओरडून सांगावं, सर, तोंड मिटा. जन्मभर जपलेली छाती ते आमच्यासाठी त्या धुरात उघडी टाकून बसले होते.

तेव्हा रांगेतल्या तिसऱ्या टिप्परचं इंजिन बंद झालं. तो माझा नवरा होता. खाली उतरला, अंगणवाडीत शिरला, मिनूची निळी खुर्ची घेऊन आला आणि सरांच्या शेजारी बसला.

सुपरवायझर म्हणाला, "बॅटरी बसली तर धक्का कोण मारणार?"

"बसली तं बसली," नवरा म्हणाला. "मी बी बसलो."

"उद्यापासून येऊ नको."

"नाई येत."

मग पहिल्या टिप्परवाल्यानं किल्ली फिरवली. त्याचं पोरगंही माझ्याच अंगणवाडीत होतं. मग दुसऱ्यानं. सगळ्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. मागचे काही शेवटपर्यंत हॉर्न वाजवत राहिले. पण अंगणवाडीच्या पुढ्यात शांत झालं, आणि आत एकट्या पडलेल्या पोरांचा कालवा पहिल्यांदा रस्त्यावर ऐकू आला. सर दुसऱ्या दिवशी परत बसले, तिसऱ्या दिवशी बाया बसल्या. शेवटी ठेकेदारानं रांग नाल्याच्या पलीकडं नेली आणि टिप्परांवर ताडपत्र्या आल्या. नवऱ्याची नोकरी गेली ती गेलीच. काही काळ घरी बसून तो ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या ट्रकवर लागला.

बसले त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी, छाती फाटेस्तोवर खोकत असतानाही, सर घरोघर गेले. रस्त्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना हाका मारल्या होत्या, त्या सगळ्यांना उत्तरं देऊन आले.

ते गेले ते पावसाळ्यात, झोपेत, हृदय थांबून. पुतण्या आला, माणसं जमली. कोणीतरी रीतीप्रमाणं उशाशी उदबत्ती लावली. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, जळती उदबत्ती चिमटीत विझवली आणि म्हणाल्या, "नोका लावू. त्याले चालत नाई." आणि मग अंगणातलं फूल आणून ठेवलं. त्या वेळी मी रडले. सासूबाईंची ट्रंक मी नंतर आवरली, तेव्हा तळाशी तो जुना पुडा तसाच होता, न फोडलेला.

मिनू आता शाळेत जाते. तिची छाती पूर्ण बरी झालेली नाही. थंडीत अजून श्वासाचा पंप लागतो, आणि धावण्याच्या शर्यतीत ती मधेच थांबते. पण त्यानंतर दवाखान्यात झोपवायची वेळ आली नाही. चिमण्या आहेत तिथंच आहेत. त्यांच्याशी भांडण चालू आहे, ते मी सोडणार नाही.

मागच्या महिन्यात काट्यावर नवीन ठेकेदार आला. एका सकाळी बघते तर टिप्परांची रांग पुन्हा माझ्या खिडकीशी, इंजिनं चालू. माझं डोकंच फिरलं. मी लाल खुर्ची घ्यायला वळले, तर खुर्ची जागेवर नव्हती. बाहेर सासूबाई पहिल्या टिप्परच्या पुढं ती मांडून बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून घरात पाटावर बसत नाहीत त्या. शाळेला निघालेली मिनू दप्तर घेऊन त्यांच्या शेजारी उभी.

ड्रायव्हर नवीन होता. खिडकीतून वाकून म्हणाला, "काय झालं जी आजी? रस्त्यात काऊन बसल्या?"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि हात वर केला.

"मुकी हाय का वं तुझी आजी?" त्यानं मिनूला विचारलं.

"नाई," मिनू म्हणाली. "आजी रस्त्यावर बोलत नाई. तुले संध्याकाळी येऊन सांगन. तू आधी गाडी बंद कर."